शनिवारची कणीक

१

मेहिटेबल क्रेन सोमवारी सकाळी पाणचक्कीच्या तळ्यात पालथी तरंगताना सापडली. दुपार व्हायच्या आत तिच्यासाठी दगड गोळा करायला बैलगाडी निघालीसुद्धा.

आत्मघात करणाऱ्याला दफनभूमीत जागा नाही, असा आमच्याकडे कायदा. रस्त्याच्या कडेला खड्डा खणायचा, प्रेत आत लोटायचं आणि वर गाडीभर दगड टाकायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याने बघावं आणि धडा घ्यावा. कॅप्टन जोथम लीथ आमच्या गावचे न्यायाधीश. त्यांनी तीन वाजता सभाघरात चौकशी ठेवली होती, पण चौकशीआधी गाडी जुंपली गेली म्हणजे निकाल काय लागणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मी हेप्झिबा थॉर्न. तीस वर्षं सुईणपण करतेय. निम्मं गाव माझ्या हातावर जन्मलं आणि जे गेले त्यांना शेवटची आंघोळही मीच घातली. मेहिटेबलला धुवायला बोलावणं आलं तेव्हा निघता निघता दारातच तिची मुलगी रिमेंबर भेटली. सतरा वर्षांची पोर. पाळकांच्या घरी कामाला ठेवलेली, त्यामुळे आईबापांपासून दूर. शनिवार-रविवार ती घरी नव्हतीच.

"मावशी, आईवर दगड टाकू देऊ नका."

"मी कोण टाकू देणारी आणि न देणारी?"

"कॅप्टन तुमचं ऐकतात. त्यांची सातही मुलं तुमच्या हातची."

"सात मुलं बाहेर काढून दिली म्हणून पुरुष बाईचं ऐकायला लागतो, असं तुला कुणी सांगितलं गं?"

पोर रडली नाही. माझा एप्रन मात्र घट्ट धरून उभी राहिली. "आई असं करणार नाही," एवढंच म्हणाली.

मेहिटेबल शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला माझ्याकडे आली होती. माझ्या बियरच्या पिंपावरचं खमीर पावासाठी मागायला आली होती. आणखीही काही मागितलं होतं तिने. ते शेवटी सांगते, आत्ता जीभ वळत नाही.

२

डीकन ओबाडाया क्रेन म्हणजे मेहिटेबलचा नवरा. सभाघरात प्रभुभोजनाची भाकर वाटणारा आणि शब्बाथच्या दिवशी कोण काय करतंय यावर गिधाडासारखी नजर ठेवणारा माणूस. शनिवारी सूर्य मावळला की रविवारी मावळेपर्यंत आमच्या गावात काम बंद, चूल बंद, झाडू बंद. गेल्या वर्षी चक्कीवाल्या ईनॉकच्या बायकोने रविवारी बाळाची दुपटी वाळत घातली, तर डीकनने तिला भर चौकात खोड्यात बसवलं होतं. ओली बाळंतीण होती ती.

त्याच्या घरी पोचले तेव्हा तो दारात उभा होता. डोळे कोरडे, गळपट्टी कडक.

"हेप्झिबाबाई, लवकर आटपा. फार बघण्यासारखं काही नाही."

"माणूस गेलंय डीकन. आटपायला ती भांडी नव्हेत."

आत स्वयंपाकघरात मेहिटेबलला टेबलावर ठेवलं होतं. शेजारी डीकनची अविवाहित बहीण डोर्कास पाण्याचं घमेलं धरून उभी. चाळीशीची, हडकुळी, आणि टापटिपीसाठी गावभर ओळखलेली. तिच्या चुलीपुढे राखेचा कण सापडायचा नाही. बायका चेष्टेने म्हणायच्या, डोर्कासच्या घरी माशी बसायच्या आधी पाय पुसते.

मेहिटेबलच्या अंगावर रोजचा जाडाभरडा घागरा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडून टाचण्या लावलेल्या. कानामागे एक जखम, अंगठ्याएवढी.

"ही जखम?"

"तळ्यातल्या दगडाची असेल," दारातून डीकन म्हणाला. मी दार लोटून घेतलं.

मग मी तिला कुशीवर वळवलं आणि माझे हात तिथेच थांबले. सगळी पाठ जांभळी-काळी पडलेली. खांद्याची हाडं टेकली असतील तेवढीच जागा पांढरी, आणि मधून आडव्या सरळ रेघा, हातभर लांब, सारख्या अंतरावर. तीस वर्षांत मी शेकड्यांनी मेलेली माणसं धुतली आहेत. मेल्यावर रक्त खाली उतरतं आणि अर्ध्या दिवसात तिथेच बसतं. पालथ्या सापडलेल्या बाईचं रक्त छातीकडे, तोंडाकडे उतरायला हवं. हिचं पाठीत होतं. म्हणजे मेल्यानंतर ही बराच वेळ उताणी पडून होती, तीही फळ्यांच्या जमिनीवर.

"डोर्कास, तुमच्या घरात फळ्यांची जमीन कुठे आहे?"

"मागच्या कोठीत." तिने घमेल्यातून मान वर केली नाही.

"रविवारी मेहिटेबल काय करत होती?"

"दादा सांगतील."

"मी तुला विचारतेय."

"दादा सांगतील," ती पुन्हा म्हणाली आणि पाणी बदलायला बाहेर गेली.

एकटी उरले तेव्हा आंबूस वास आला. आधी वाटलं मढ्याचा असेल, पण तो वास मला चांगला माहीत आहे. हा वेगळा होता. चुलीजवळ कोपऱ्यात लाकडी काथवट होती, वर पांढरं स्वच्छ फडकं, कडा नीट दुमडलेल्या. फडकं उचललं. आत राईची आणि मक्याची कणीक. फुगून काठावरून सांडली होती आणि मग बसली होती. वर जाड साय धरलेली, वासाने डोळ्यांत पाणी आलं.

भट्टीत डोकावले. लाकडं रचलेली, पण काडी लावलेली नाही. खिडकीत चरखा. चातीवर अर्धवट कातलेलं सूत, आणि चाक फिरवणारी माळ अजून ताणलेली.

शनिवारी सूर्य मावळायच्या आत माळ सैल केली नाही अशी बाई आमच्या गावात नाही. आजारी असली तरी उठून करते.

३

डीकन अंगणात पाळकसाहेबांना सगळं सांगत होता. मी हात पुसत जवळ गेले.

"डीकन, रविवारी तिला काय होत होतं?"

"डोकं दुखत होतं. प्रार्थनासभेला आली नाही. मी आणि डोर्कास गेलो." त्याने सुस्कारा सोडला. "मन कधीचंच आजारी होतं तिचं. प्रभूने स्वर्गासाठी निवडलेल्यांत मी नाही, म्हणून रडायची. पाळकसाहेबांना माहीत आहे."

पाळकांनी मान हलवली. निवडलेल्यांत नाही म्हणून आमच्या गावातली निम्मी बायकामाणसं रडतात. रडत नाही ती गर्विष्ठ म्हणून बोलणी खाते, आणि रडते ती मेल्यावर आत्मघातकी ठरते. पण हे मी मनात म्हटलं.

"रविवारी पोटात काही गेलं होतं का तिच्या?"

"दुपारी अंथरुणातच जेवली. आदल्या दिवशीचा ताजा पाव आणि दूध. मीच नेऊन दिलं." इथे त्याचा आवाज जरा जड झाला. पाळकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सूर्य मावळल्यावर बघतो तर अंथरूण रिकामं."

"पाव चांगला झाला होता?"

"काय?"

"शनिवारचा पाव. खमीर माझं होतं, म्हणून विचारलं."

"उत्तम झाला होता," डीकन म्हणाला.

तिथून मी थेट चक्कीवर गेले. मेहिटेबल ईनॉकला सापडली होती. दळणाच्या मापावरून दोघांचं महिन्यापूर्वी जोरदार भांडणही झालेलं, त्यामुळे गावात कुजबूज होतीच. ईनॉक पोत्यावर बसून पावाचा तुकडा चघळत होता.

"रविवारी संध्याकाळी कुठे होतास रे?"

"घरी. पवित्र शास्त्र वाचत होतो."

"कुठलं पुस्तक?"

तो गोंधळला. "लेवीय. मोशेचं."

"आणि बुटांवरचा हा रात्रीचा वाळलेला चिखल कुणी लावला, मोशेने?"

त्याने बूट पोत्यामागे ओढले. मी नुसती बघत राहिले. कळा देणाऱ्या बाईपुढे बसून बसून मला थांबायची सवय झाली आहे.

"वाम माशांसाठी सापळे लावले होते," शेवटी तो पुटपुटला. "सूर्य मावळायला थोडा अवकाश होता. मासे निसटतील म्हणून आधीच काढले. डीकनला कळलं तर मलाही खोड्यात बसवेल."

"तळ्यात काही दिसलं?"

"तेव्हा काहीच नव्हतं. मग अंधार पडला. मी लव्हाळ्यात लपलो, कारण बांधावरून कुणीतरी हातगाडी ढकलत येत होतं. चाक करकरत होतं. मग पाण्यात काहीतरी पडलं."

"कोण होतं?"

"बघितलं नाही. मीच लपलो होतो ना."

"हे तीन वाजता सभाघरात सांगशील?"

"मावशी, चार लेकरं आहेत मला. एकदा बायकोला खोड्यात बघितलंय." तो उठून आत गेला आणि जातं सुरू केलं, म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.

मेहिटेबल चालत तळ्यावर गेली असती तर हातगाडी कशाला लागली असती? परत येताना दगडांची गाडी भेटली. अर्ध्याहून जास्त भरली होती. रिमेंबर तिच्या मागे मागे चालत होती आणि गाडीवाला तिला हाकलत नव्हता, एवढीच त्याची माणुसकी.

४

सभाघर भरलं होतं. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. रिमेंबर मागच्या बाकावर, डोर्कास पुढे. डीकनने आपली हकिकत शब्द न चुकता सांगितली. पाळकांनी मेहिटेबलच्या रडण्याची साक्ष दिली. मग कॅप्टन माझ्याकडे वळले.

"हेप्झिबाबाई, तुम्ही प्रेत पाहिलंत. बुडूनच गेली ना?"

"नाही साहेब. शनिवारी दुपारी गेली. पाण्यात रविवारी रात्री पडली."

बाकांवर कुजबूज झाली. डीकन हसला, थोडंसं.

मी पाठीवरच्या रेघा सांगितल्या. कोठीच्या फळ्या मोजून आले होते. अंतर तंतोतंत तेच. चरख्याची माळ सांगितली. मग म्हटलं, "डीकन म्हणाले, रविवारी त्यांनी तिला शनिवारचा ताजा पाव खायला दिला. पाळकसाहेबांनी ऐकलंय. साहेब, त्या घरात शनिवारी पाव भाजलाच नाही. कणीक अजून काथवटीत आहे, आणि भट्टीतली लाकडं तशीच आहेत. मेहिटेबल माझ्याकडून खमीर घेऊन गेली, तिने कणीक मळली, बाह्या वर खोवल्या. त्या बाह्या तळ्यातून काढली तेव्हाही वरच होत्या. कणीक फुगेपर्यंतसुद्धा ती जगली नाही."

"पुरुषाला काय कळतंय कुठला पाव कधीचा," डीकन म्हणाला. "जुना असेल."

"मघाशी उत्तम झाला होता म्हणालात."

कॅप्टन दाढी खाजवत होते. माणूस वाईट नव्हता, पण त्याच बाकावर डीकनच्या शेजारी वीस वर्षं बसलेला. "बाई, मला एक सांगा. समजा, कुणी तिला शनिवारी दुपारी मारलं. मग प्रेत एक रात्र आणि एक अख्खा दिवस घरात कशाला ठेवेल? कुणीही त्याच रात्री तळ्यात टाकून मोकळा झाला असता. हे काही पटत नाही."

सगळ्या माना हलल्या. बरोबरच होतं म्हणा. माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती, आणि ती डीकनच्याच तोंडून यायला हवी होती.

"पटण्यासारखं नाहीच साहेब," मी म्हटलं. "पण डीकनचं काय सांगावं. शब्बाथच्या रात्री ते ओझी वाहतात असं मी ऐकलंय. दुसऱ्यांना खोड्यात बसवतात आणि स्वतः—"

"खोटं," डीकन ताडकन उभा राहिला. मान लाल झाली होती. "बावीस वर्षांत माझ्या घरात शब्बाथला पाण्याची बादली उचललेली नाही. काहीही पडलं असेल, कितीही निकड असेल, सूर्य मावळेपर्यंत ते जागच्या जागी राहतं. सगळं गाव साक्षीला आहे."

"काहीही पडलं असेल तरी?"

"काहीही."

आणि मग त्याने स्वतःचेच शब्द ऐकले. कॅप्टन हळूहळू त्याच्याकडे वळले, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलं की आता त्यांना पटलं होतं. ज्या माणसाने बायकोला मारलं त्यालाही शब्बाथ मोडायचा धीर झाला नव्हता, हे आमच्या गावात न पटणारा एकही नव्हता.

"डोर्कास," कॅप्टन म्हणाले, "रविवारी तुझी वहिनी जिवंत होती?"

डोर्कास उभी राहिली. डीकनने तिच्याकडे बघितलं. त्याची नजर कशी होती ते आम्हा बायकांना सांगायला नको, घरोघरी ओळखीची असते ती.

"नव्हती," डोर्कास म्हणाली.

"मग सकाळी तू का गप्प होतीस?"

"मला तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही साहेब. दादांना विचारलं. मी शेजारी उभी होते." तिने ओठ ओले केले. "शनिवारी मी मागे सफरचंदं वेचत होते. वहिनी म्हणत होती, सोमवारी मी कॅप्टनसाहेबांकडे जाणार, अंगावरचे वळ दाखवणार. मग आवाज बंद झाला. आत आले तर ती खाली, आणि भट्टीच्या दगडी कोपऱ्याला रक्त. दादा म्हणाले, मी फक्त समज देत होतो. मग कोठीला कुलूप लावलं. म्हणाले, वहिनी आजारी आहे असं समज."

"आणि तू समजलीस?"

"त्यांच्या घरात राहते साहेब. मला दुसरं घर नाही."

मला एक विचारायचं होतं. तिथेच विचारलं, रीत सोडून. "डोर्कास, रविवारी सूर्य मावळल्यावर तू रक्त पुसलंस, चूल पुसलीस, अंगण झाडलंस. आज सकाळी तुझ्या घरात कचऱ्याची काडी नव्हती. मग दोन दिवसांची आंबलेली कणीक तेवढी कशी राहिली?"

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"दादांनी सगळं आवरायला सांगितलं होतं. पण पुरुष काथवटीवरचं फडकं उचलून बघत नाहीत," ती म्हणाली. "वहिनीला धुवायला तुम्ही येणार हे माहीत होतं. तुम्ही उचलाल असं वाटलं."

५

डीकनला बेड्या घालून मोठ्या कोर्टाकडे नेलं. तिथल्या पंचांनी पुढे खून धरला नाही. पत्नीला समज देताना हात जड पडला, म्हणाले. हातावर डाग देऊन सोडलं. तो परत या गावात आला नाही, एवढंच समाधान. डोर्कास आता माझ्याकडे राहते. माझं घर मला ओळखू येत नाही इतकं लख्ख ठेवते, आणि अजून एखादी गोष्ट विचारली की आधी दाराकडे बघते.

पण ते नंतरचं. त्या सोमवारी मेहिटेबलला दफनभूमीतच जागा मिळाली, तिच्या दोन तान्ह्या लेकरांच्या शेजारी. माती लोटून झाल्यावर रिमेंबर माझ्याजवळ आली आणि तिने पुन्हा माझा एप्रन धरला.

"मावशी, शनिवारी आई तुमच्याकडे आली होती ना?"

"आली होती. खमीर न्यायला."

"नुसतं खमीर?"

खोटं बोलता आलं असतं. पोरीचे डोळे अगदी आईचे होते, म्हणून नाही बोलता आलं.

"बाही वर करून दंड दाखवला. म्हणाली, हेप्झिबा, तू बघ आणि आत्ता माझ्याबरोबर कॅप्टनकडे चल. बाईची साक्ष लागते म्हणतात. मला आज घरी परत जायचं नाही."

"मग?"

"मी म्हटलं, आज शनिवार गं. सूर्य मावळायच्या आत तुझाही पाव व्हायचाय आणि माझंही सगळं व्हायचंय. दोन दिवस कळ काढ. सोमवारी ये."

रिमेंबरने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने माझा एप्रन सोडून दिला, आणि आईच्या मातीवरचे खडे वेचून बाजूला ठेवत बसली.

फाटकापाशी दगडांची गाडी तशीच उभी होती. गाडीवाला टोपी काढून आला आणि विचारायला लागला, आता हे कुठे नेऊन टाकू, बैल दमलेत.

"माझ्या दारात टाक," मी म्हटलं.

त्याला वाटलं म्हातारी चळली. पण टाकले त्याने. अजून तिथेच आहेत. शनिवारी दुपारनंतर कुणी बाई आली तर तिला त्या ढिगाला वळसा घालूनच यावं लागतं, आणि सूर्य कुठवर आलाय ते न बघता मी दार उघडते.